खुनाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील: मोफत वकिलाची सेवा किती उपयोगाची?

चाकूच्या वारात माणूस गेला, खटला चालला आणि काळा घोडा किंवा दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) खाली जन्मठेप दिली. पुढची पायरी मुंबई हायकोर्टात अपील. इथे बहुतेक घरांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून खाजगी वकील करायचा. दुसरी म्हणजे उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करून मोफत वकील घ्यायचा. हा आढावा दुसऱ्या वाटेचा आहे.

मत आधीच सांगून टाकतो: ही सेवा घ्यावी. फुकटचा वकील नावापुरता उभा राहतो, ही वस्त्यांमधली पक्की समजूत आहे आणि तिच्यापायी अनेक घरं विनाकारण कर्जात जातात. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणात मोफत वकील निदान १० वर्षं वकिली केलेला असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात बजावलं आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांची छपाई आणि भाषांतर हे सगळं सेवेत येतं. वकिलाने तुमच्याकडे एक रुपयाही मागायचा नाही. मागितला तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

तरीही आम्ही या सेवेला पाचपैकी साडेतीन देतो. दीड गुण गेले ते एकाच कारणाने. तुरुंगातला माणूस, त्याच्या घरचे आणि नेमलेला वकील, या तिघांची गाठ आपोआप पडत नाही. ती घरच्यांनी घालून द्यावी लागते, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.

सुरुवात निकालाच्या दिवसापासून करू. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला तिथल्या तिथे आणि मोफत मिळाली पाहिजे. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. त्याच कलमात आणखी एक सोय आहे जी फारच थोडे वापरतात. मुंबईत सत्र न्यायालयाचे निकाल बहुधा इंग्रजीत असतात. आरोपीने अर्ज केला तर शक्य असेल तिथे त्याच्या भाषेत, नाहीतर न्यायालयाच्या भाषेत भाषांतर मिळतं, आणि अपील करता येण्याजोग्या निकालात तेही मोफत. आपल्याला शिक्षा नेमकी कशावरून झाली हे माणसाला स्वतःला वाचता आलं, तर तो वकिलाला कामाचं काहीतरी सांगू शकतो. तेव्हा हा अर्ज कराच.

प्रत वेळेवर मिळणं ही मेहेरबानी नव्हे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुंबई हायकोर्टाचा निकाल १९७३ चा होता आणि प्रत हाती पडली १९७८ मध्ये. तोवर शिक्षा भोगून झाली होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत वेळेत आणि मोफत द्या, तुरुंगाने कैद्याची लेखी पोच घ्या, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील द्या. आजची मोफत अपिलाची सेवा उभी आहे ती या पायावर.

मुदत ६० दिवसांची. फाशीच्या शिक्षेत ३० दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून नकलेसाठी अर्ज कधी केला, ती तयार कधी झाली आणि हातात कधी आली, या तीन तारखांचा शिक्का असलेलं पान फाडू नका किंवा हरवू नका. मुदत टळली तरी दार बंद होत नाही. विलंब माफीचा अर्ज जोडता येतो आणि तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत न्यायालय सहसा आडकाठी करत नाही. फक्त कारण खरं लिहा. पैसे नव्हते, कागद मिळाले नव्हते, ही कारणं चालतात. आजारपणाची खोटी चिठ्ठी जोडू नका.

अर्ज कोण करू शकतो? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती पात्र आहे. तिचं उत्पन्न विचारलंच जात नाही. त्यामुळे तुरुंगातल्या माणसासाठी उत्पन्नाच्या दाखल्यामागे तहसील कार्यालयात आठवडे घालवू नका. तो जामिनावर बाहेर असेल तर मात्र उत्पन्नाची मर्यादा बघितली जाते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तीही लागू नाही.

अर्ज दोन ठिकाणांहून जाऊ शकतो. कैदी तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फत देतो, किंवा घरचे फोर्टला हायकोर्टातल्या समितीच्या कार्यालयात देतात. कुठे जायचं तेच कळत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्जात कैद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, तुरुंग, सत्र खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचा दालन क्रमांक, निकालाची तारीख, कलमं आणि शिक्षा लिहा. निकालाची प्रत जोडा. वकीलपत्रावर कैद्याची सही तुरुंगाधिकाऱ्यासमोर होऊन त्यावर तुरुंगाचा शिक्का लागतो. कागद टपालाने येण्या-जाण्यात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आता दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला, तुरुंगातून केलेलं अपील. कैद्याने अधीक्षकांच्या हाती दिलेला अर्ज कायद्याने अपीलच मानला जातो. तिकडे तुरुंगातून अपील गेलेलं असतं, इकडे घरच्यांनी वकील लावून दुसरं दाखल केलेलं असतं, आणि एकाची दुसऱ्याला खबर नसते. मग एका अपिलात वकीलच नाही म्हणून तारीख पडत राहते. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की तुरुंगातून काही गेलंय का, आणि असेल तर त्याचा क्रमांक द्या.

दुसरा घोटाळा तुरुंगाच्या पत्त्यावरून होतो. आर्थर रोडचा माणूस शिक्षा झाल्यावर येरवडा, नाशिक रोड किंवा कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात हलवला जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, त्यामुळे कळंब्यातल्या कैद्याचं अपील तिकडेच करायचं अशी समजूत होते. तसं नाही. खटला मुंबईत चालला असेल तर अपील मुंबईतच, माणूस कुठल्याही तुरुंगात असो.

वकील नेमल्याचं पत्र मिळालं की घरच्यांनी लगेच कामाला लागावं. वकिलाच्या हातात पहिल्या दिवशी निकालाशिवाय फारसं काही नसतं. सत्र न्यायालयातून मूळ दप्तर मागवलं जातं, त्यातून पेपर बुक, म्हणजे सुनावणीसाठी बांधलेला सगळ्या कागदांचा संच, तयार होतं, मराठी कागदांचं भाषांतर होतं, आणि यात कितीतरी महिने जातात. खालच्या कोर्टातल्या वकिलाकडे मात्र दोषारोपपत्राचा संच, साक्षीदारांच्या जबान्या आणि निशाणी पडलेल्या कागदांच्या प्रती आधीच असतात. त्या संचाची झेरॉक्स काढून नव्या वकिलाकडे पोचवा. काही हजार पानं झाली तरी चालतील. या सेवेत तुम्हाला करावा लागणारा सगळ्यात कामाचा खर्च तोच आहे.

भाषांतराकडे स्वतः लक्ष द्या. चाकूच्या खटल्यात एका क्रियापदावर माणसाची जन्मठेप उभी असते. साक्षीदार उलटतपासात म्हणतो, "झटापटीत चाकू लागला." भाषांतरात ते "आरोपीने चाकू मारला" असं उतरलं तर अपघात की वार, हा सगळा वादच पुसला जातो. मुंबईत तर आणखी एक पदर आहे. साक्षीदार पोलिसांसमोर हिंदीत बोलतो, "लग गया", आणि जबाब लिहिणारा अंमलदार मराठीत लिहितो, "मारला". साक्षीदार कोर्टात "मी असं बोललो नव्हतो" म्हणाला की ती विसंगती ठरते. वकील हे पकडू शकतो, पण पेपर बुकातल्या भाषांतराशेजारी मूळ मराठी जबानी ठेवून वाचली तरच. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दोन्ही संच शेजारी ठेवून फरकाच्या ओळींवर पेन्सिलने खूण केली तरी वकिलाचं मोठं काम होतं.

चांगला मोफत वकील ओळखायचा कसा? तो काय विचारतो यावरून.

पहिला प्रश्न असा असायला हवा: हा खून आहे की सदोष मनुष्यवध? भोसकल्याच्या अपिलात निर्दोष सुटकेपेक्षा कलम ३०२ वरून ३०४ वर येण्याची लढाई जास्त वेळा असते. अचानक भांडण, आधीपासून बेत नाही, रागाच्या भरात, आणि गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणे वागला नाही. या चारही गोष्टी जुळल्या तर खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम ३०० चा अपवाद ४ लागतो. ३०४ च्या दुसऱ्या भागात कमाल शिक्षा १० वर्षं. जन्मठेप आणि १० वर्षं यात एका घराचं आयुष्य मावतं.

"एकच वार होता, म्हणजे खून नाही" हा मात्र खोटा दिलासा आहे. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९५८. त्यात भाल्याचा एकच वार होता आणि शिक्षा खुनाचीच कायम राहिली. जीव घेण्याचा इरादा सिद्ध करावा लागत नाही. झाली ती जखम करण्याचा इरादा होता आणि ती जखम साधारणपणे जीव जाण्याइतकी होती, एवढं पुरतं. म्हणून खरा वाद बारीकसारीक गोष्टींवर चालतो, आणि २००६ च्या पुलिचेर्ला नागराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच एका जागी मांडल्या आहेत. चाकू घरून आणला होता की वडापावच्या गाडीवरचा कांदा कापायचा उचलला? वार छातीवर की मांडीवर? जोर किती? पहिला वार बसल्यावर थांबला की करतच राहिला? जुनं वैर होतं का? अपिलाच्या मुद्द्यांमध्ये या गोष्टी साक्षीच्या पानांसकट आलेल्या नसतील आणि फक्त "निकाल बेकायदेशीर आहे" असं दहा वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलेलं असेल, तर तो मसुदा परत लिहायला सांगा. सुधारित मुद्दे दाखल करता येतात.

दुसरा प्रश्न शवविच्छेदनाच्या अहवालाचा. महाराष्ट्रातल्या नमुन्यात बाहेरच्या जखमा रकाना १७ मध्ये असतात, छातीच्या आतल्या २० मध्ये आणि पोटाच्या २१ मध्ये. हे तीन रकाने जुळवून वाचायचे असतात. समजा, जप्त चाकूचं पातं ४ सेंटिमीटर रुंद आहे आणि रकाना १७ मध्ये जखमेची लांबी २ सेंटिमीटर आहे, पण खोली मात्र पूर्ण पातं आत गेल्याइतकी आहे. मग हाच चाकू कसा? कातडी थोडी आकसते, पण एवढा फरक डॉक्टरांना विचारायलाच हवा होता. उलट जखम पात्यापेक्षा लांब असेल तर त्यात फारसं काही नाही. चाकू आत फिरवला किंवा तिरपा ओढला की कापलेलं वाढतं. पोटाची भिंत दबते, त्यामुळे जखमेची खोलीही पात्याच्या लांबीपेक्षा जास्त भरू शकते. जखमेचं एक टोक धारदार आणि एक बोथट असेल तर एकधारी हत्याराकडे बोट जातं. डॉक्टरांना कोर्टात तो चाकू दाखवला होता का? दाखवलाच नसेल तर सरकार पक्षाची ती मोठी उणीव आहे.

तिसरा प्रश्न चाकू मिळाला कसा, याचा. इथे कागद अगदी डोळ्यांजवळ धरून वाचावा लागतो. पोलीस कोठडीत आरोपी म्हणतो "चाकू दाखवतो", त्याचा मेमोरंडम पंचनामा होतो, मग सगळे जीपने जातात आणि जप्ती पंचनामा होतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. आरोपीच्या बोलण्यातला फक्त शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात चालतो. "याच चाकूने मारलं" हा कबुलीचा भाग चालत नाही. आता बघायचं काय? मेमोरंडममध्ये आरोपीचे स्वतःचे शब्द आहेत की पोलिसांची सारांशाची भाषा? जागा त्याच्या एकट्याच्या माहितीतली होती की सार्वजनिक शौचालयामागचं उघडं गटार? पंच फितूर झाला का? तोच पंच त्याच पोलीस ठाण्याच्या आणखी प्रकरणांत सही करताना दिसतो का? चाकू जागेवर कागदात गुंडाळून, पंचांच्या सहीची चिठ्ठी लावून, लाखेची मोहोर मारून बंद केला होता का? जप्ती आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचणं यात किती दिवस गेले आणि तेवढे दिवस मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता? प्रयोगशाळेच्या अहवालात "सील शाबूत" असं आहे का? आणि रक्त "मानवी" एवढंच निघालं की गटही जुळला? गट "निर्णायक नाही" असं आलं असेल तर त्या चाकूचं वजन बरंच कमी होतं. मृत आणि आरोपी दोघांचा गट एकच असेल, तर कपड्यांवरच्या डागांचंही तसंच. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. ते मागा.

कोर्टाने घेतलेला आरोपीचा जबाब, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३१३, दोन पानांचा असतो म्हणून कुणी वाचत नाही. जो पुरावा त्यात आरोपीला विचारलाच नाही, तो त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. शरद बिर्दीचंद सारडा प्रकरणात, १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे तर सांगितलंच, शिवाय परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीच्या पाच कसोट्याही घालून दिल्या. प्रत्यक्षदर्शी नसेल तर अपील त्या कसोट्यांवर लढायचं.

अपील दाखल होतं तेव्हाच शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अंतरिम अर्ज जायला हवा. नवीन संहितेत कलम ४३०. खुनाच्या शिक्षेत सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी द्यावी लागते आणि न्यायालय हात आखडता घेतं. म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला तर खचू नका. अपील वर्षानुवर्षं ऐकलं जात नसेल तर माणसाला आत ठेवणं न्याय्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने काश्मिरा सिंग प्रकरणात १९७७ मध्येच म्हटलंय. आणखी काही वर्षं आत काढल्यावर नवा अर्ज करता येतो. त्यासाठी तुरुंगाकडून भोगलेल्या शिक्षेचा तक्ता घ्या. खटल्यादरम्यान कच्च्या कैदेत घालवलेले दिवस त्यात दिसले पाहिजेत.

अपिलामुळे शिक्षा वाढेल ही भीतीही अनेकांना गप्प बसवते. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारचं वेगळं अपील किंवा न्यायालयाची वेगळी नोटीस लागते.

पुढे वाट बघणं. जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं आणि अंतिम सुनावणीला वर्षं लागतात. कायम क्रमांकाआधी अपिलाला स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो. कार्यालयीन त्रुटी काढल्या नाहीत तर ते तिथेच अडकतं. हायकोर्टाच्या संकेतस्थळावर किंवा ई-कोर्ट्स ॲपवर महिन्यातून एकदा स्थिती बघा. त्रुटी दिसली तर वकिलाला फोन करा. फोन उचलत नसतील, तुरुंगातल्या माणसाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर एकदाही बोलले नसतील, तर समितीकडे वकील बदलण्याचा लेखी अर्ज करता येतो. अशिलाशी न बोलता खुनाचं अपील चालवणं आम्हाला अक्षम्य वाटतं. सुनावणीला वकील गैरहजर राहिले म्हणून अपील फेटाळता येत नाही. गुणवत्तेवर निकाल द्यावा लागतो, हे बानी सिंग प्रकरणात १९९६ मध्येच ठरलं आहे. कोर्टाच्या फाटकाबाहेर "बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) लवकर आणून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. लवकर सुनावणीसाठी वकिलाने न्यायालयापुढे अर्ज करायचा असतो, दुसरा मार्ग नाही.

ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्यासाठीही ही सेवा आहे, हे सांगितल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. मृताची पत्नी किंवा आई महिला म्हणून उत्पन्नाची अट न लावता पात्र ठरते. आरोपीच्या जामिनाला विरोध करताना सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी, किंवा शिक्षा कलम ३०२ वरून खाली आणायला हरकत घेण्यासाठी ती याच समितीकडे वकील मागू शकते. त्याच प्रकरणात दोन्ही बाजूंना वकील देताना समिती अर्थातच वेगवेगळे वकील देते.

निकालाच्या सुमारास दोन गोष्टी तयार ठेवा. सुटका झाली तरी पुढच्या न्यायालयात हजर राहण्याचा बंधपत्र लिहून द्यावा लागतो, नव्या संहितेचं कलम ४८१, तेव्हा जामीनदाराचं रेशनकार्ड आणि पत्त्याचा पुरावा आधीच काढून ठेवा, नाहीतर निर्दोष माणूस कागदापायी आणखी आठवडाभर आत राहतो. आणि अपील फेटाळलं गेलं तर सर्वोच्च न्यायालयात जायची मुदत ९० दिवस आहे. तिथेही स्वतंत्र विधी सेवा समिती मोफत वकील देते. हायकोर्टाच्या वकिलाकडून पेपर बुकचा संच त्याच दिवशी मागून घ्या. एकदा दप्तर परत गेलं की तोच संच पुन्हा जमवायला महिने लागतात.